एकांत कुणाच्या वाट्याला?

रोज अर्धा तास शांत बसा, मन स्थिर होईल, आयुष्याची दिशा सापडेल. हा सल्ला आजकाल फुकट मिळतो. मोबाईल उघडला की कुणीतरी गुरू, कुणीतरी प्रशिक्षक, नाहीतर आपल्याच गटातला एखादा निवृत्त अधिकारी तो पहाटे पहाटे पाठवून देतो. सल्ला खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः गेली चार वर्षे रोज तासभर गप्प बसते. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मला विचारावासा वाटतो. बसायचे कुठे? आणि आपण बसलो तर तेवढ्या वेळातले काम कोण करणार?

आमचे शहापूर नागपूर-भंडारा महामार्गावर आहे. रात्रभर ट्रक चालतात. घर दोन खोल्यांचे. एका खोलीत माझी शिलाई मशीन, कपड्यांचे ढीग आणि दोन मुलींची पुस्तके. दुसऱ्या खोलीत चूल-भांडी आणि सासूबाईंची खाट. नवरा ठेकेदाराकडे पाळीने कामाला जातो, म्हणजे घरात कोणीतरी नेहमी झोपलेले असते आणि कोणीतरी नेहमी जेवायचे असते. वस्तीतल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. अशा घरातल्या बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ म्हणणे सोपे आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. पुन्हा, घरकामाला हात लावणारे पुरुष चारात एक. आता या २९९ मिनिटांतून अर्धा तास कुठून कापायचा ते त्या प्रशिक्षकाने सांगावे.

म्हणून मला बाबासाहेबांच्या आयुष्यातला एकांत वेगळ्या नजरेने पाहावासा वाटतो. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, हे आपण जयंतीला माईकवरून सांगतो. पण त्या अभ्यासाला शांतता कोणी पुरवली? परळच्या चाळीतली एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच सामान, जवळच जाते, तिथेच बांधलेली शेळी. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे आणि सुभेदार रामजी जागे राहायचे. रात्री दोनच्या सुमारास ते मुलाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. चाळ झोपलेली असताना, रॉकेलच्या दिव्यापुढे, त्या पोराला जगातली एकमेव शांत वेळ मिळायची. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या यशात बापाचे जागरण आहे, हे मला मशीनवर बसून उशिरापर्यंत काज-बटण करताना फार जाणवते. ती शांतता कोणी भाड्याने घेतली नव्हती. एका म्हाताऱ्या शिपाईगड्याने स्वतःची झोप कापून ती मुलाला दिली होती.

पुढे १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परतले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते सकाळी शिरायचे ते बंद होईपर्यंत. त्या वर्षांत परळची चूल रमाईने पेटती ठेवली. तिच्या वाट्याला कुठले ग्रंथालय होते? बाबासाहेबांना हे ठाऊक होते. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. तोवर रमाईला जाऊन पाच वर्षे झाली होती.

आता बडोद्याकडे येते, कारण एकांत म्हटले की आपल्या लोकांना आधी ते झाड आठवते. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाला. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही म्हणून तो पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्याला तिथून हाकलले. मुंबईची गाडी रात्री होती आणि मध्ये पाच तास काढायचे होते. सबंध शहरात बसायला जागा नव्हती, तेव्हा ते कामाठीबागेत जाऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी आहे आणि दर २३ सप्टेंबरला आपले हजारो लोक जमतात. त्या जागेचा मान मोठा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात बाबासाहेबांनी त्या पाच तासांचे जे लिहिले आहे तेही आपण वाचावे. तिथे घोषणा नाही. मन कधी रिकामे होते, कधी दुःखाने भरलेले होते, आणि पोरके झालेले लेकरू आठवते तशी आई-बापाची आठवण आली, एवढेच ते सांगतात. आई आणि वडील दोघेही तेव्हा हयात नव्हते.

मला हे वाचून धीर आला. कारण मी पहिल्यांदा बसायला लागले तेव्हा मला कुठलीही दिशा दिसली नाही. नुसते रडू यायचे. सासरे गेले तेव्हा रडायला फुरसत नव्हती, ते सगळे दोन वर्षांनी पहाटे साडेचारला बाहेर आले. शांत बसले की लगेच उजेड पडतो असे सांगणारे लोक एकतर कधी बसलेले नाहीत, नाहीतर त्यांना काही विकायचे आहे. बडोद्याच्या त्या बागेनंतर ‘मूकनायक’ निघायला १९२० उजाडावे लागले, बहिष्कृत हितकारिणी सभेला १९२४, आणि महाडच्या तळ्याला १९२७. बसणे, काम करणे, पुन्हा बसणे, असे ते दहा वर्षे चालले असणार.

आपल्या चळवळीत मात्र दोन टोके आहेत. एक टोक म्हणते, ध्यान म्हणजे पळवाट, ज्याला लढायचे नाही तो डोळे मिटतो. दुसरे टोक म्हणते, सगळे सोडा आणि शिबिराला चला. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालतात. फी नाही, मौन पाळायचे, मोबाईल जमा करायचा. आमच्याकडचे काही जण जाऊन आले, त्यांना फायदाही झाला, मी त्यांची टिंगल करणार नाही. पण दहा दिवस घराबाहेर राहणे कोणाला परवडते? माझी मशीन दहा दिवस बंद राहिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. ज्याला पगारी रजा आहे त्याचा धम्म वेगळा आणि जिला रोजी आहे तिचा वेगळा, असे तर तथागतांनी सांगितलेले नाही.

पहिल्या टोकाला माझे उत्तर आमच्याच जिल्ह्यातले आहे. १९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पडले. राज्यघटना लिहिणारा, त्रेसष्टीतला, आजारी माणूस आमच्या धानाच्या मुलखात मते मागत फिरला आणि आम्ही, म्हणजे आमच्या आजा-पणज्यांच्या जिल्ह्याने, त्यांना पाडले. त्याआधी १९५२ मध्ये मुंबईने पाडले होते. एखाद्याने तक्रारी केल्या असत्या, नवी मोट बांधली असती. बाबासाहेब त्या काळात ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ लिहीत होते. डोळे अधू, पाय दुखरे, आणि तरीही टेबलापुढे. भंडाऱ्याच्या पराभवानंतर अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथून तासाभराच्या अंतरावर नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली. आता सांगा, ते टेबलापुढे गप्प बसणे ही पळवाट होती का? आज आमचे कार्यकर्ते एका पराभवानंतर तीन पक्ष बदलतात. मला वाटते, मधल्या रात्री कोणी एकटे बसून स्वतःला विचारतच नाही की मला नेमके काय हवे आहे.

आणि तो ग्रंथ एकांताविषयी काय सांगतो? दोन जागा मी दरवर्षी थांबून वाचते. गौतम ध्यानाला बसण्याआधी चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न गोळा करतो. चार आठवड्यांनी त्याला बोधी प्राप्त होते. म्हणजे बाबासाहेबांचा बुद्धसुद्धा आधी शिधा भरतो, मग बसतो! उपाशी पोटी ध्यान करा असे तो ग्रंथ सांगत नाही. दुसरी जागा त्याच्या आधीची. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो. म्हातारा, रोगी, प्रेत यांची ती गोष्ट बाबासाहेबांनी बाजूला ठेवली. बायको झोपेत असताना चोरून निघून जाणेही ठेवले नाही. सिद्धार्थ यशोधरेपुढे उभा राहतो, आणि ती मन आवरून म्हणते की तुमच्या जागी मीही हेच केले असते. राहुलला सांभाळायचे नसते तर मीसुद्धा परिव्राजिका होऊन तुमच्याबरोबर आले असते.

ही जागा विहारात वाचली जाते तेव्हा पुरुष मंडळी माना डोलावतात, यशोधरेचा त्याग केवढा. बाया मात्र गप्प होतात. त्यांना तो त्याग नाही, रोजचा हिशेब वाटतो. घरातल्या एकाला एकांत मिळाला की दुसऱ्याला राहुल मिळतो.

आमच्याकडे वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. पावसात कोवळी पिके आणि जीवजंतू तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खू एका जागी थांबत. पण भंडारा जिल्हा धानाचा. भिक्खू थांबतात तेव्हाच आमच्या बाया दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे रोवतात. आणि वर्षावास संपत येतो तेव्हा माझ्याकडे पांढऱ्या ब्लाउजांची रांग लागते, कारण प्रत्येकीला दीक्षाभूमीला जायचे असते. रोवणीची बाई संध्याकाळी विहारात येते, भिंतीला पाठ टेकते आणि दहाव्या ओळीला डुलकी घेते. वाचणारे बापू चिडतात. मी म्हणते, झोपू द्या. दिवसातला तेवढाच वेळ तिला कोणी हाक मारत नाही.

माझा तास मला असाच मिळाला, कोणीतरी दिला म्हणून. सासूबाई म्हणाल्या, “पहाटे मला झोप येतच नाही, चहा-डबा मी पाहते, तू बस.” मी वही घेऊन बसायची. डोळे मिटून मला जमत नाही, लिहून जमते. तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी एका पॅनेलची माणसे घरी आली. महिलांची जागा होती. म्हणाले, “ताई, तुम्ही फक्त फॉर्म भरा, बाकी आम्ही पाहून घेऊ.” नवऱ्याला आनंद झाला, भावकीलाही. नाही म्हणणे म्हणजे समाजाची जागा घालवणे, असेही ऐकवले गेले. मी सतरा दिवस वहीत एकच प्रश्न लिहीत होते: ही जागा मिळाली तर माझ्या हाती काय येईल? सतराव्या दिवशी उत्तर आले की सहीशिवाय काही येणार नाही. आणि खरोखर काय पाहिजे तेही त्याच पानावर उतरले. समाजमंदिरातली मागची खोली, जिथे वर्षभर खुर्च्या आणि जयंतीचे मंडपाचे सामान कुलपात असते.

मी फॉर्म भरला नाही. खोली मागितली. “मुलींना रात्री तिथं कायले बसवता?” हा पहिला प्रश्न आला, विजेचे बिल कोण देणार हा दुसरा. आठ महिने लागले. आता सात ते नऊ खोली उघडी असते, मुली-मुले अभ्यास करतात, आत बोलायचे नाही एवढाच नियम. पॅनेलवाले माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. १४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस बाहेर डीजेची तालीम चालते तेव्हा खोली असून नसल्यासारखी होते; त्यावर भांडण चालू आहे आणि मी ते सोडणार नाही. बाबासाहेबांच्या नावाने वाजणाऱ्या भोंग्यामुळे बाबासाहेबांसारखे वाचता येऊ नये, याला काय म्हणायचे?

मुलांची सोय झाली तेव्हा बायांनी विचारले, आमचे काय. मग आम्ही चौघींनी पाळी लावली. एक दिवस एकीने चौघींची लहान पोरे सांभाळायची आणि बाकी तिघींनी दुपारी दोन ते तीन त्या खोलीत बसायचे. कोणी वाचते, कोणी नुसती खिडकीबाहेर बघते. एकीने बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब तिथे बसून जुळवला, आणि पैसे कुठे अडकले ते शोधून काढले. एक अजूनही झोपतेच. तिला कोणी उठवत नाही. पाळी चुकवली तर मात्र बोलणी खावी लागतात, त्यात सूट नाही.

या महिन्यात पाचवी येऊ म्हणते. तिचे बाळ अकरा महिन्यांचे आहे, अंगावर पिते, आईशिवाय तासभर राहत नाही. तिला कोणती वेळ द्यायची आणि बाळ कोणी घ्यायचे, हे अजून ठरलेले नाही. माझ्या सासूबाईंनी तिला परवा एकदा बाळ घेऊन घरी यायला सांगितले आहे.