पाळीपाळीनं उजेड

इंग्लंडच्या पूर्वेला, सफोक परगण्यात ब्रॅडफिल्ड वुड्स नावाचं जेमतेम सत्तर हेक्टरांचं रान आहे. तिथल्या नेमानं होणाऱ्या तोडीच्या नोंदी १२५२ सालापर्यंत मागे जातात. तेव्हा ते बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं होतं. पावणेआठशे वर्षं तोडत आलेल्या रानात आज काय शिल्लक असेल, असं कुणालाही वाटेल. एप्रिलमध्ये तिथं गेलं तर पाऊल कुठं टाकावं कळत नाही. फिकट पिवळ्या ऑक्सलिपचे तुरे, पांढरी ॲनिमोन, पायवाटेच्या कडेनं जांभळी व्हायोलेट. आणि ही दाटी सगळ्यात जास्त कुठं, तर दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी जिथं सरसकट तोड झाली, नेमकी तिथं.

हेझेल आणि ॲश ही झाडं जमिनीलगत छाटली की मरत नाहीत. बुडख्यातून नवे धुमारे येतात, उसाचा खोडवा यावा तसे. उसाचा खोडवा मात्र काही पिकांत थकतो. इथला बुडखा तोडीगणिक आयुष्य वाढवून घेतो. न तोडलेला ॲश दोनेकशे वर्षांत म्हातारा होतो. याच रानात ॲशचा एक बुडखा साडेपाच मीटर रुंद आहे. ऑलिव्हर रॅकम या वनस्पतिशास्त्रज्ञानं अशा रानांचा इतिहास मातीतून आणि जुन्या दप्तरांतून वाचून काढला. त्यानं या बुडख्याचं वय हजार वर्षांच्या घरात धरलं होतं. नुकत्याच तोडलेल्या एका हेझेलपाशी मी बराच वेळ बसून होते. काप तिरका, पाणी ठरू नये म्हणून. साल कडेला घट्ट धरलेली, आणि तिच्यातून वर येऊ पाहणारे बारीक, लालसर डोळे.

या पद्धतीला कॉपिस म्हणतात. सगळं रान एकदम तोडायचं नाही. दर हिवाळ्यात एखादा तुकडा घ्यायचा, मधले मोठे ओक उभे ठेवायचे, आणि काही वर्षांनी फिरून पहिल्या तुकड्याकडे यायचं. उजेड असा रानभर पाळीपाळीनं फिरतो. पहिली काही वर्षं फुलांची आणि फुलपाखरांची. केंटमधल्या ब्लीनच्या रानांत हीथ फ्रिटिलरी नावाचं एक तपकिरी-नारिंगी फुलपाखरू आहे. ते फार लांब उडत नाही, आणि ताज्या तोडीचा तुकडा त्याला थोडीच वर्षं मानवतो. पुढची तोड जवळच झाली नाही, तर त्याला जायला जागाच उरत नाही. झुडपं दाटली की नाइटिंगेल येतो. आणखी काही वर्षांनी, हेझेलला भरपूर फळं धरू लागली की डॉरमाऊस.

हा अंगठ्याएवढा सोनेरी जीव रात्री फांद्यांवरूनच हिंडतो, म्हणून तो दिसत नाही. दिसते ती त्यानं खाल्लेल्या हेझेलनटची कवची. तिला एक गोल भोक असतं, आतली कड गुळगुळीत आणि बाहेरून दातांचे तिरके ओरखडे. उंदराच्या दातांच्या खुणा कडेवर आडव्या उठतात, खार तर कवची दुभंगूनच टाकते. १९९३ साली देशभर लोकांनी अशा कवच्या वेचल्या आणि त्यांवरून डॉरमाऊस कुठं टिकून आहे ते शोधलं. हाती भिंग घेऊन पालापाचोळ्यात रांगणारी शाळकरी मुलं डोळ्यांसमोर आणली की मला माणसाच्या जातीबद्दल फार माया वाटते.

रानाचं खरं नुकसान कुऱ्हाड थांबली तेव्हा सुरू झालं. कोळसा आला, कारखान्याचा माल आला, आणि हेझेलच्या काठ्या व ॲशचे दांडे कुणाला नकोसे झाले. छत मिटलं, खाली अंधार पडला. १९१९ मध्ये, महायुद्धात लाकडाची टंचाई भोगल्यावर, वनीकरण आयोग स्थापन झाला आणि कितीतरी जुन्या रानांत ओक विष घालून मारून सूचिपर्णी झाडं लावली गेली. १९८५ मध्ये धोरण बदललं. ब्रॅडफिल्डचा मोठा भाग १९६०च्या दशकात शेतीसाठी उखडला गेला. उरलेला गावकऱ्यांनी वाचवला.

म्हणून सगळीकडे कुऱ्हाड न्यावी असं नाही. पोलंडमधल्या बियावोव्हिएझाच्या अरण्यात पडलेलं खोड पडू देतात, कुजू देतात. भुंगेरे, बुरशी, सुतारपक्षी यांचा सगळा संसार त्या मेलेल्या लाकडावर चालतो. किडीचं कारण पुढे करून तिथं वाढवलेली तोड युरोपीय न्यायालयानं २०१८ साली बेकायदा ठरवली, आणि ते मला पटतं. तिथल्या जिवांना शतकानुशतकं खोडांच्या कुजण्याची सवय आहे, ब्रॅडफिल्डच्या फुलांना तोडीची. जंगल राखणाऱ्यानं आधी ही सवय ओळखावी, मग हत्याराला हात घालावा किंवा ते खाली ठेवावं.

ब्रॅडफिल्डमध्ये आता हरणांचा त्रास आहे. लांडगे कधीच संपले, मुंटजॅक बाहेरून आले, आणि कोवळे धुमारे रात्रीत फस्त होतात. त्यामुळे ताज्या तुकड्यांना कुंपण घालावं लागतं. त्यात २०१२ पासून ॲशवर बुरशीजन्य मर आली आहे. ज्यांनी शेकडो वर्षं कुऱ्हाड सोसली त्या बुडख्यांनाही ती सोडत नाही. मोकळ्या पडलेल्या जागी हेझेल वाढवायचं तर जुनी रीत आहे: शेजारच्या बुडख्याची लांब काठी वाकवायची, थोडी साल खरवडून मातीत दाबायची, वर आकडा ठोकायचा. आपलं दाब कलमच. मुळं धरली की ती काठी आईपासून तोडतात, आणि पुढे त्या तुकड्याची पाळी आली की इतरांबरोबर तीही छाटतात.