मशरूमला ऊन दाखवा

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जिना चढताना माझ्या मांड्या भरून यायला लागल्या. चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मध्ये एकदा टेकावं लागे. वय पस्तीस! रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व 11. वीसच्या खाली म्हणजे कमतरता.

मला पटेना. हैदराबादचं ऊन, त्यात ऑफिसमध्ये माझी जागा खिडकीला लागून. डॉक्टर म्हणाले, "काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काचेतच अडतात." त्यांनी आठवड्याला एक, अशा आठ कॅप्सूल लिहून दिल्या.

मी दोन घेतल्या आणि थांबलो. आम्ही शाकाहारी, मासे-अंडी घरात येत नाहीत. इंटरनेटवर वाचलं की वनस्पती नसलेलं, तरीही शाकाहारी चालणारं मशरूम हा ड जीवनसत्त्वाचा नैसर्गिक स्रोत आहे. मग गोळ्या कशाला? आठवड्यातून तीनदा मशरूमची भाजी सुरू झाली. आई नाक मुरडायची, "कुत्र्याच्या छत्र्या कसल्या खाता रे!"

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. आकडा 12.

तेव्हा कुठे मी विषय मुळातून वाचला. मशरूममध्ये ड जीवनसत्त्व आयतं नसतं. असतं ते अर्गोस्टेरॉल. त्यावर अतिनील किरण पडले की त्याचं ड-2 होतं. आपल्या त्वचेत ऊन पडल्यावर ड-3 तयार होतं, तसाच हा प्रकार. पण बाजारातलं पांढरं बटण मशरूम बंद, थंड, अंधाऱ्या खोल्यांत वाढतं. त्याने ऊन पाहिलेलंच नसतं, म्हणून त्यात हे जीवनसत्त्व नावापुरतंच. थोडक्यात, एसीत बसणारा मी आणि पाकिटातलं मशरूम, दोघांची एकच गत.

हे आईला सांगितलं तर ती सहज म्हणाली, "मग ऊन दाखव की त्यांना. डाळीला दाखवतो तसं."

उपाय खरोखर तोच आहे. मशरूमचे काप करायचे, म्हणजे जास्त भाग उघडा पडतो. ताटात एकावर एक न येऊ देता पसरायचे आणि अकरा ते दोनच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास उघड्यावर ठेवायचे. खिडकीच्या काचेआड नाही. चांगलं ऊन असेल तर 100 ग्रॅममध्ये 400 युनिट किंवा त्याहून जास्त तयार होऊ शकतं. मोठ्या माणसाची रोजची शिफारस 600 युनिटची आहे. शिजवताना थोडंच कमी होतं, आणि हे जीवनसत्त्व तेलातुपात विरघळणारं असल्यामुळे फोडणीची भाजी उत्तम.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. रानातली छत्री ओळख नसताना तोडून खाऊ नका. विषारी असू शकते. आणि कमतरता असेल तर माझ्यासारख्या गोळ्या मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका. ड-2 हे ड-3 इतकं टिकाऊ नसतं. खड्डा भरायला औषधच लागतं, मशरूम पुढच्या डागडुजीला. मी डॉक्टरांची बोलणी खाऊन आठही कॅप्सूल नव्याने घेतल्या. आता आकडा 31 आहे आणि त्याचं मुख्य श्रेय कॅप्सूललाच.

तरी रविवारचा क्रम मोडलेला नाही. वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेतो आणि ताट घेऊन वर जातो. लहानपणी काचीगुड्याच्या घरी आई कुरडया घालायची आणि कावळे हाकलायला मला बसवायची. आता मी मशरूम राखतो, शेजारी लेक खेळते. ताटाबरोबर आम्हा दोघांनाही ऊन मिळतं. खाली उतरताना ती चालत येते. वर जाताना मात्र कडेवरच, आणि मध्ये टेकावं लागत नाही.