काकांना धंदा कळत होता

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासावरचा लेख अपेक्षित असणार. मी मात्र एका अर्थशास्त्रज्ञाच्या संशोधनाविषयी लिहितो आहे. आमच्याच घरातील एका घटनेचा अर्थ मला त्या संशोधनामुळे पंचवीस वर्षांनी उमगला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कोकणातील हजारो घरांप्रमाणे आमच्याही घरी येणारी मनीऑर्डर थांबली. माझे धाकटे काका गिरणी सोडून मालवणकडे परतले. चाळीजवळच्या एका हॉटेलात फावल्या वेळी काम करून ते चहा, भजी आणि उसळ उत्तम करायला शिकले होते. गाठीला असलेल्या पैशांतून त्यांनी रस्त्याकडेला एक टपरी उभारली. पहिले काही आठवडे गर्दी झाली. मग ती ओसरू लागली. नवल असे की बिस्किटाचे सीलबंद पुडे, काड्यापेट्या आणि विड्या खपत. चहाचे भांडे मात्र भरलेले राही. वर्षाच्या आत टपरी बंद झाली.

मी तेव्हा शाळेत होतो. हुशार म्हणून नाव असल्याने जिभेला थोडी धारही आली होती. मी म्हणालो, "काका, तुमका धंदो कळणा नाय." ते रागावले नाहीत. स्टोव्ह पुसता पुसता एवढेच बोलले, "धंदो माका कळता रे बाबा. पण गिऱ्हायकांका माजी वाडी कळली."

कोकणात वाडी कळली की सारे कळते, हे मला ठाऊक होते. तरीही ती मला सबब वाटली. पुढे एम. ए. झालो, शिक्षक झालो, आणि आपल्या मुलांच्या अंगी व्यापारी वृत्ती नाही, त्यांनी नोकरीच धरावी, हेच विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत राहिलो.

सुट्टीत एका ग्रंथालयात डॉ. सुखदेव थोरात यांचे लेखन प्रथम हाती आले. अमरावती जिल्ह्यातील महिमापूर हे त्यांचे गाव. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयातून ते पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले, आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवरील एका मोठ्या अभ्यासात ते सहलेखक आहेत. ११ राज्यांतील ५६५ गावे पाहून तो २००६ साली प्रसिद्ध झाला. अनेक गावांत दलितांना बाजारात माल विकण्यास आणि सहकारी संस्थेला दूध घालण्यास आडकाठी होते, असे त्यात नोंदले आहे. ते वाचताना काकांच्या टपरीवरचे न खपलेले चहाचे भांडे माझ्या डोळ्यांसमोर आले. सीलबंद पुड्याला विटाळ नव्हता. हाताने केलेल्या चहाला होता.

२००७ साली थोरात आणि पॉल अटवेल यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आणखी एक अभ्यास मांडला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता तुल्यबळ, फरक नावांचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आढळली आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. २०१० मध्ये कॅथरीन न्यूमन यांच्यासह त्यांनी संपादित केलेल्या 'ब्लॉक्ड बाय कास्ट' या ग्रंथात नोकरीच्या पलीकडे जाऊन उद्योगांच्या मालकीपर्यंत हीच चौकशी नेलेली आहे.

या संशोधनाने विद्याक्षेत्रात काय घडवले? खुल्या स्पर्धेत भेदभाव मालकालाच महाग पडतो, म्हणून बाजार तो हळूहळू पुसून टाकतो, असा तर्क गॅरी बेकर यांच्या १९५७ च्या ग्रंथापासून अर्थशास्त्रात रुजला होता. जात हा समाजशास्त्राचा विषय, बाजाराला जात नसते, अशी सोयीची वाटणीही झाली होती. जात ही मुळात आर्थिक व्यवस्थाही आहे, हा बाबासाहेबांचा विचार थोरातांनी मोजता येईल अशा रूपात मांडला. श्रम, जमीन, भांडवल आणि ग्राहक या प्रत्येक बाजारात जात कशी आडवी येते, हा संशोधनाचा प्रश्न झाला.

मग या वाटेवर इतरांचेही अभ्यास आले. सुरिंदर जोधका यांनी २०१० साली पानिपत आणि सहारनपूर येथील दलित व्यावसायिकांच्या अडचणी नोंदवल्या. लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना आणि आशुतोष वार्ष्णेय यांनी आर्थिक गणनांच्या आधारे २०१३ मध्ये दाखवले की, लोकसंख्येत १६.४ टक्के असलेल्या अनुसूचित जातींकडे २००५ साली फक्त ९.८ टक्के उद्योगांची मालकी होती. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि स्मृती शर्मा यांनी विचारले की, यांतले किती उद्योजकतेतून उभे राहिले आणि किती निव्वळ पोट भरण्यासाठी? दुसरी बाजूही आहे. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना स्थापली, आणि बाजारातच मुक्तीची वाट आहे असे मानणारे चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे विचारवंतही आपल्यात आहेत. मला या दोन बाजू परस्परविरोधी वाटत नाहीत. वाट चालायची असेल तर खड्डे कुठे आहेत हे ठाऊक असावे लागते.

अमेरिकेतून परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरबाजारविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळताच ग्राहक दुरावले आणि तो बंद पडला. ही घटना मी वर्गात कितीदा तरी शिकवली असेल. अर्थशास्त्रातील त्यांचे ज्ञान अपुरे होते, असे कुणी विद्यार्थी म्हणाला असता तर मी त्याला उभे केले असते. काकांना मात्र मी नेमके तेच बोललो होतो. थोरातांचे पुस्तक वाचून घरी आलो, तेव्हा क्षमा मागायला काका उरले नव्हते.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. तारकर्ली, देवबागला घरोघरी न्याहारी-निवास आणि खानावळी उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी आपली एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. तिने घरच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी सजवल्या होत्या. तिच्या हातची सोलकढी आणि तिसऱ्यांचे सुके मी चाखले आहे. तिने विचारले, "सर, फलकावर पत्त्यात बौद्धवाडी लिहू की नुसते गावाचे नाव लिहू?"

पूर्वीचा मी म्हणालो असतो, नुसते गाव लिही. किंवा त्याहून सरळ, हा नाद सोड आणि परीक्षेला बस. या वेळी मी तिला काकांची टपरी सांगितली, थोरातांचे आकडे सांगितले. म्हटले, "निर्णय तुझा. पण एखादे गिऱ्हाईक फलक वाचून परत गेले, तर आपल्याला धंदा कळत नाही असे मनात आणू नकोस." तिने पूर्ण पत्ता लिहिला आहे. काही गाड्या फलकापाशी थांबून पुढे जातात, असे ती सांगते. तरी दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही खोल्या भरल्या होत्या.

आपल्या शाळेने शिक्षक, कारकून, परिचारिका आणि अधिकारी घडवले, याचा अभिमान आहेच. पण दुकान थाटणारा विद्यार्थी मेळाव्यात मागच्या रांगेत बसतो, हेही मी पाहिले आहे. त्याला पुढे बोलवावे. दहावीच्या मुलांना हिशेबाची वही आणि कर्जाचा अर्ज वाचायला शिकवावे. वसतिगृहाचा किराणा आणि गणवेश यांतले काही आपल्याच माजी विद्यार्थ्यांकडून घेता येईल का, हे व्यवस्थापनाने पाहावे. आणि मालवणला सहलीला येणाऱ्यांनी फलकावरचा पत्ता वाचून आत यावे.