एक इंचाचा माणूस

जुलै महिन्यातील सकाळ होती. रात्रभर पावसाने उसंत घेतली नव्हती. हिंदमातेच्या चौकात गुडघाभर पाणी साचले होते. कापडाच्या दुकानदारांनी आपला माल वरच्या फळ्यांवर चढवून ठेवला होता, बसगाड्या दुसऱ्या वाटेने वळवल्या होत्या आणि शाळेला अर्थातच सुट्टी मिळाली होती. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला मात्र पावसाचे भानच नव्हते. त्याच्यापुढे जुन्या वर्तमानपत्रावर एक उघडा खोका पडला होता. वाढदिवसाला मामाने दिलेला तो विमानाचा संच होता.

खोक्यावर स्पिटफायर या लढाऊ विमानाचे चित्र होते. आत पाहावे तर विमान कोठेच नव्हते! प्लास्टिकच्या दोन-तीन चौकटी, त्यांना फांदीला फळे लागावीत तसे लागलेले लहान-लहान भाग, प्रत्येकाशेजारी एक आकडा, आणि सूचनांचा एक कागद. पंखाचे भाग निराळे, शेपटीचे निराळे, चाके निराळी. हे सारे भाग सोडवून, घासून, जुळवून आपले विमान आपणच उभारायचे होते.

खोक्याच्या कोपऱ्यात '१ : ७२' असे छापले होते. खऱ्या विमानाच्या बहात्तर इंचांसाठी येथे एक इंच, असा त्याचा अर्थ. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांची रुंदी ३६ फूट १० इंच होती. ती येथे सहा इंचांहून थोडीच अधिक भरत होती. विमानाची लांबी सुमारे तीस फूट. तिचे झाले पाच इंच. एवढे मोठे विमान तळहातावर मावणार, या कल्पनेनेच मुलाला हर्ष झाला.

खिडकीशी आजोबा बसले होते. त्यांचा जन्म परळच्या गिरणीत साचे जुळवण्यात गेला होता. गिरणी बंद पडून बरीच वर्षे लोटली होती. परंतु हातातील शिस्त काही गेली नव्हती. थोडा वेळ नातवाचे काम पाहून ते म्हणाले, "अरे, आधी कोरडे बसवून पाहा. नीट बसले, तरच डिंकाला हात लाव."

पण मुलाला तेवढा धीर कोठला! संध्याकाळी चाळीतील सवंगड्यांना विमान दाखवायचे, हे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. त्या संचाचा डिंकही साधा नव्हता. तो प्लास्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. तो थेंबभरच लागतो. जास्त झाला तर बोटांचे ठसेसुद्धा विमानावर कायमचे उमटतात. मुलाने भराभर काम उरकले. पंख जोडले. ते टोकांकडे किंचित वर उचललेले असावे लागतात, म्हणून त्यांच्याखाली काड्याच्या पेट्या ठेवल्या. वैमानिकाच्या जागेवरचे पारदर्शक छत चिकटवले. दुपारपर्यंत विमान उभे राहिले. तपकिरी आणि हिरव्या रंगांचे पट्टे चढले. पाण्यात भिजवलेली चिन्हे पंखांवर सरकवून बसवली. मुलाने मोठ्या अभिमानाने ते आजोबांच्या हातात दिले.

आजोबांनी चष्मा पुसला. विमान चारी बाजूंनी न्याहाळले. मग त्यांनी वर्तमानपत्रावर पडलेला एक इवलासा तुकडा बोटाने उचलला आणि विचारले, "हा कोण राहिला?"

तो वैमानिक होता. खुर्चीत बसलेला, हात मांडीवर ठेवलेला.

"राहू दे ना, आजोबा. एवढासा तर आहे तो! छत बसल्यावर आत कोण पाहणार?"

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी नातवाच्या दप्तरातील पट्टी मागून घेतली आणि तिच्यावरील इंचाच्या खुणेवर नख टेकवले. "हा उभा राहिला असता, तर केवढा भरला असता?"

"एक इंच."

"आणि तुझ्या खोक्यावरच्या हिशेबाने एक इंच म्हणजे किती?"

मुलगा क्षणभर थांबला. "सहा फूट," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे तुझ्या हातून सहा फुटांचा माणूस बाहेर राहिला," आजोबा म्हणाले. "साच्याच्या आतले कामही कोणाला दिसत नसे, बाळ. पण साचा अडायचा तो त्या आतल्या कामापायीच."

एवढे बोलून ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. मुलगा मात्र विमानाकडे पाहत राहिला. मघाशी ते किती देखणे दिसत होते! आता त्याचे लक्ष राहून राहून त्या रिकाम्या खुर्चीकडे जाऊ लागले. त्या संध्याकाळी त्याने विमान सवंगड्यांना दाखवले नाही.

दोन दिवसांनी पाणी ओसरले. आजोबा त्याला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन गेले. तेथे आणि पुढे इतरत्र त्याने त्या विमानाविषयी पुष्कळ काही वाचले. आर. जे. मिचेल या इंग्रज अभियंत्याने स्पिटफायरची रचना केली. ५ मार्च १९३६ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. मिचेल तेव्हा दुर्धर रोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते वारले; आपल्या विमानाची कामगिरी त्यांना पाहायला मिळाली नाही. १९४० साली जर्मन विमाने इंग्लंडवर चालून आली, तेव्हा स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांनी त्यांना तोंड दिले. त्या लढाईत इंग्लंडच्या बाजूचे पाचशेहून अधिक वैमानिक व त्यांचे सहकारी मारले गेले.

लहान नमुनेही केवळ खेळण्यासाठी नव्हते, हे त्याला तेथेच कळले. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे आकारावरून क्षणात ओळखता यावे, म्हणून सैनिकांना बहात्तर पट लहान नमुने दाखवून शिकवीत. अमेरिकेत १९४२ साली शाळकरी मुलांना असे पाच लाख लाकडी नमुने करून देण्याचे आवाहन करण्यात आले होते. पंखाचा आकार चुकला, तर पाहणाऱ्याची ओळख चुकणार. आणि ओळख चुकली, तर आपल्याच माणसावर गोळी सुटणार!

आणखी एका माहितीने तो चकित झाला. हे विमान परक्यांचे, अशी त्याची समजूत होती. परंतु महायुद्धाच्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनीही स्पिटफायर चालवले होते. १९४७ साली काश्मीरच्या रक्षणासाठी आपल्या वायुसेनेने ज्या विमानांचा उपयोग केला, त्यांतही ते होते. त्या काश्मीरच्या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर हे १९२० साली याच मुंबईत जन्मले होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवरही ते लढले होते आणि १९७६ मध्ये ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. विमानांत बसणारी माणसे आपल्याच शहरातून गेली होती तर!

घरी परतल्यावर मुलाने पाते मागितले. "छत कापून काढतो," तो म्हणाला.

"चरा पडेल," आजोबांनी बजावले.

"पडू दे."

आजोबांनी विमान घट्ट धरले. मुलगा श्वास रोखून छताच्या कडेने पाते फिरवू लागला. पाते एकदा सरकलेच, आणि पारदर्शक छतावर एक तिरका चरा उमटला. पण छत सुटे झाले. मुलाने वैमानिकाला रंग दिला. काडीच्या टोकाने चेहरा रंगवायला त्याला एक अख्खी संध्याकाळ लागली. आधी कोरडे बसवून पाहिले, मग थेंबभर डिंक लावून त्याने वैमानिकाला त्याच्या जागी बसवले आणि वर छत टेकवले.

विमान फळीवर विराजमान झाले. सवंगडी आले, त्यांनी वाहवा केली. छतावरचा चरा कोणी दाखवला, तर मुलगा म्हणे, "तो माझ्या घाईचा आहे."

दिवाळीत त्याने साठवलेल्या पैशांतून दुसरा संच आणला. तो जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या विमानाचा होता. तेच विमान १९४० साली स्पिटफायरशी लढले होते. या वेळी त्याने सर्वांआधी वैमानिक चौकटीतून सोडवला आणि तो रंगवू लागला. शेजारचा मित्र हसून म्हणाला, "अरे, हे तर शत्रूचे विमान! त्यात माणूस कशाला इतका निगुतीने बसवतोस?"

मुलाने मान वर केली नाही. काडीचे टोक रंगात बुडवत तो म्हणाला, "तोही सहा फुटांचाच होता ना!"

खिडकीशी बसलेल्या आजोबांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत. फक्त उठले आणि नातवाला उजेड नीट मिळावा म्हणून खिडकीचे दुसरे दार त्यांनी उघडून दिले.