कागदाबाहेर

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाला आलेली माणसं लग्नाचे पुरावे घेऊन येतात. पत्रिका, सप्तपदीचा फोटो, नोंदणीचा दाखला असेल तर तोही. लग्न मोडायचं तर ते झालं होतं हे आधी कागदावर दाखवावं लागतं. त्यामुळे सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यांवर, बाकांवर, झेरॉक्सच्या रांगेत जिकडेतिकडे मुंडावळ्या दिसतात. एका बाईंच्या पारदर्शक फायलीतून त्यांचं तरुणपणीचं हसू बाहेर डोकावत होतं. ते लक्षात आल्यावर त्यांनी फाईल पालथी करून मांडीवर ठेवली.

मी भाचीच्या सोबतीला जायचे. माझं काम बसण्याचं. तिथं बसायला कुणीतरी लागतंच. बोर्डावर नंबर शोधायचा, पट्टेवाल्याच्या पुकाऱ्याकडे कान ठेवायचा, आणि दुपारी पुढची तारीख घेऊन निघायचं. पिशव्या सांभाळता सांभाळता मला आजूबाजूचं ऐकू यायचं. खरं तर मी ऐकायचेच.

ही नवी इमारत २०१७ पासूनची. पुण्यात हे न्यायालय आलं १९८९ मध्ये, १९८४ च्या कायद्यानुसार. त्याआधी नवरा-बायकोचे दावे दिवाणी न्यायालयात बांधाच्या आणि भाडेकरूंच्या दाव्यांबरोबर चालत. घरातल्या भांडणांना वेगळी रीत हवी, असं विधी आयोगानं १९७४ सालीच सांगितलं होतं. नव्या कायद्यानं म्हटलं, आधी समेटाचा प्रयत्न करा, पक्षकाराची इच्छा असेल तर दार लावून ऐका, आणि वकील हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागेल. ती परवानगी सहसा मिळतेच. काळे कोट इथंही भरपूर आहेत.

पण या इमारतीत एक खोली अशी आहे की जिच्यासाठी मी या कायद्याला बरेच गुन्हे माफ करीन. विवाह समुपदेशकांची. तिथं बोललेलं गोपनीय राहतं, पुरावा म्हणून पुढे येत नाही. बाहेर प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे जाऊन बसतं: अर्जात, कैफियतीत, उलटतपासात, रोजनाम्यात. मोबाइलवरचे मेसेज छापून, तारखा घालून, पानांना नंबर देऊन लावलेले असतात. ‘झोपलास का’ एवढाच मेसेज आणि त्यावर ‘निशाणी’चा शिक्का, असंही मी पाहिलं आहे. या सगळ्याच्या मधोमध ही एक खोली, जिथं माणूस नुसतं बोलू शकतो. आत गेलेली भाची तासाभरानं बाहेर आली, कँटीनमध्ये दोन वडापाव खाल्ले आणि म्हणाली, “मावशी, मॅडमनी मध्ये बोलूच नाही दिलं त्याला. मग मलाही नाही दिलं. बरं वाटलं.” पुढचं तिनं सांगितलं नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. ज्या कायद्यानं ही खोली दिली, त्यानं विवाहसंस्था टिकवणारे न्यायाधीश निवडा असंही लिहून ठेवलं आहे, आणि टिकवण्याचा हा सोस बाकांवरच्या नातेवाइकांच्या तोंडी फार लवकर येतो. “एकदा विचार कर,” असं एका मुलीला तिचाच मामा पुनःपुन्हा सांगत होता. मुलीचा हात प्लास्टरमध्ये होता. समेट हा शब्द मला चांगला वाटतो, पण दोन्हीकडचे हात धड असताना.

तिथं एक दावा फार ऐकू येतो, नांदायला येण्याचा. बायकोनं पोटगी मागितली की नवरा हा लावतो: माझी तर न्यायची तयारी आहे, तीच येत नाही. हा दावा आपल्याकडे जुना. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयानं रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्यांना तुरुंगही घडला नाही आणि संसारही. त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. आता कोणी तुरुंगात घालत नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते इतकंच. गंमत पुढेच आहे. नांदण्याचा हुकूमनामा होऊनही वर्षभर दोघं एकत्र आली नाहीत, तर तेच घटस्फोटाला कारण होतं. बोलावण्याच्या दाव्यातूनच निरोपाची वाट निघते, आणि ती कित्येक वकिलांना पाठ असते.

पोटगीसाठी दोघांना आपली मिळकत आणि देणी शपथेवर लिहून द्यावी लागतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचे नमुनेच ठरवून दिले. पगार, भाडं, औषधं, प्रवास, हप्ते. एकमेकांचा पगार नीट माहीत नसलेली जोडपी हा कागद वाचताना मी पाहिली आहेत. कुणाकुणाचा संसार तेव्हा पहिल्यांदा हिशेबात उलगडत असावा.

भाचीचं भांडण इतकं लांबलं नाही. दोघं म्युच्युअलला, म्हणजे परस्परसंमतीच्या घटस्फोटाला, तयार झाली. त्या अर्जात जाबदार कुणी नसतो, दोघंही अर्जदार. भांडण उरलं ते वस्तूंच्या यादीवर. स्त्रीधनातलं सोनं सरळ निघालं, ते तिचंच. पण तांब्याचा बंब, पितळी डबे, शिलाई मशीन, तीन लिटरचा कुकर यांवर दोन्ही वकील घसा कोरडा करत राहिले. पुरणयंत्रावर अर्धा तास गेला. दोघांच्याही घरी पुरण करत नाहीत, चितळ्यांकडून पोळ्या येतात. तरी कुणी सोडेना. मला आधी हसू आलं, मग वाटलं, बोलता येण्यासारखं एवढंच उरलं असेल तर बोलू देत. शेवटी ते तिला मिळालं. आता माळ्यावर आहे.

शेजारच्या बाकावरच्या जोडप्याला मूल होतं आणि त्यांची यादी वारांची होती. कोणते शनिवार कुणाचे, दिवाळीच्या सुट्टीतले आधीचे दिवस कुणाकडे, आजारी पडला तर बदली वार कोणता. बाप डायरी घेऊन एकेक लिहून घेत होता. आईनं मध्येच मुलाच्या अंगावर पित्त उठतं ते कशानं, हे सांगितलं. तेही त्यानं लिहून घेतलं.

म्युच्युअलच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबावं लागतं. परिस्थिती पाहून हा थांबा माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. भाचीनं माफी मागितली नाही. शेवटच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी दोघांना विचारलं: स्वखुशीनं करताय? कुणाचा दबाव? ठरलेलं सगळं मिळालं? तीन वेळा मान हलली. काही मिनिटांत पुढचा पुकारा झाला.

अशा फायली फार बारीक असतात. ज्यांनी एकमेकांवर क्रूरतेचे आरोप केले, त्यांच्या फायली दोरीनं बांधाव्या लागतात; यांच्यात सांगायचं ते एका वाक्यात येतं, मतभेदांमुळे एकत्र राहणं अशक्य झालं. १९७६ च्या दुरुस्तीनं ही सोय हिंदू विवाह कायद्यात आली. चारचौघांत एकमेकांना नालायक ठरवल्याशिवाय वेगळं होता यावं, ही मला या कायद्यातली सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते. कारण विचारण्याचा हक्क न्यायालयानं सोडला आहे. घरच्यांनी नाही.

नक्कल हातात आली त्या संध्याकाळी भाचीच्या थोरल्या काकांनी ती वाचायला मागितली. चष्मा लावून, बोट फिरवत, शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली आणि पुन्हा पहिलं पान काढलं.

“यात कारण कुठं आहे?”

“लागत नाही, काका,” ती म्हणाली आणि नक्कल परत मागून घेतली. बँकेत नाव बदलायला हवी होती.