पाणी उतरल्यावर पवनेकाठी

चैत्रातली सकाळ. पुण्याहून पहाटेची लोणावळा लोकल धरून कामशेतला उतरलो. स्टेशनबाहेर जीप भरेपर्यंत चहा झाला. करुंज, कडधे, येळसे मागे पडली आणि पवनानगर आलं. जुनी माणसं या गावाला अजूनही काळे कॉलनीच म्हणतात. वाटेत एका पळसावर भोरड्यांचा थवा कलकलत होता. या गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पाहुण्या आता मध्य आशियाकडे निघायच्या तयारीत. त्यांच्यासाठी उतरावंसं वाटलं, पण जीपवाल्याला पळसाचं कौतुक नव्हतं.

पक्षी बघायचे तर भिगवण नाहीतर नांदूरमधमेश्वर, हे आपलं ठरलेलं. नांदूरमधमेश्वर तर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. पवनेच्या नशिबी असला काही मान नाही. हे साडेआठ टीएमसीच्या आसपासचं पाटबंधाऱ्याचं धरण, आणि पिंपरी-चिंचवडची तहान त्यावर भागते. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतला उचलतात. त्याऐवजी बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा मावळ पेटला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचे जीव गेले. इथल्या पाण्याबद्दल बोलताना ते विसरून चालत नाही.

होळीनंतर पातळी उतरत जाते. शहराच्या नळांना पाणी जातं तसतसा काठ उघडा पडतो: गाळ, बारीक खडे, भेगाळलेली माती. आपल्याला तो भकास वाटतो. विणीच्या पक्ष्यांना नेमका तोच हवा असतो.

ठाकूरसाईच्या अंगाला पाण्याकडे उतरलो आणि टिटवीने डोक्यावर गिरक्या घ्यायला सुरुवात केली. तिच्या ओरडण्याला लोक अपशकुन मानतात. खरं तर त्या क्षणी अपशकुन आपण असतो. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध, मातकट आणि काळ्या ठिपक्यांची. पायाखाली आली तरी दिसायची नाहीत. दुपारच्या तडाख्यात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. ओली पिसं आणि सावली, एवढ्यावर तिचा संसार.

पुढे वाळूच्या पट्ट्यातलं एक ढेकूळच अचानक उडालं. आर्ली! चिमणीहून थोडी मोठी, आखूड पायांची, बसली की मातीत विरून जाणारी. उडाल्यावर मात्र पंखांतलं काळं-पांढरं झळकतं आणि ही भिंगरीसारखी हवेतल्या हवेत किडे टिपायला लागते. तिची अंडीही अशीच उघड्यावर. मी तिथून पुढे गेलो नाही, दुर्बिणीवर भागवलं. पाण्यावर नदी सुरय फिरत होते: पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. एकाने सूर मारून मासळी उचलली, स्वतः गिळली नाही, काठावर बसलेल्या मादीला नेऊन दिली. लग्नाची बोलणी अशीच होतात त्यांच्यात. कवड्या खंड्या, राखी बगळा, पाणकावळे, हळदी-कुंकू बदकं हेही होतेच. पण दिवस या तिघांचा होता.

संध्याकाळी सूर्य तुंग किल्ल्याकडे कलला आणि काठावर तंबू, गाण्यांचे भोंगे, शेकोट्या यांची लगबग सुरू झाली. गावातल्या पोरांना यातून चार पैसे मिळतात, त्याला माझी हरकत नाही. पण गाड्या थेट पाण्यापर्यंत उतरत होत्या, आणि टायरांच्या चाकोऱ्या त्याच वाळूच्या पट्ट्यातून गेल्या होत्या. धरण पावसाळ्यात भरतं तेव्हा हा काठ नसतोच. पिल्लांना जमिनीवर वाढायला जे काही मिळतं, ते या उन्हाळ्याच्या महिन्यांतच.

म्हणून पवनेला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: मार्च ते जून गाडी डांबरावरच ठेवा, तंबू झाडांच्या रेषेच्या वर ठोका, पाण्यापर्यंत पायी जा, आणि टिटवी डोक्यावर ओरडू लागली, तर आल्या पावली मागे फिरा.