तांबट

उन्हाळ्याच्या दुपारी अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर रहदारीचा गलबला चालू असतो. तरीही एखाद्या वडाच्या शेंड्यावरून ‘टुक् टुक्’ असा एकसारखा नाद कानी पडतो. जणू कोणी तांब्याचे भांडेच घडवीत आहे! म्हणून या पक्ष्याला ‘तांबट’ हे नाव पडले.

हा पक्षी जेमतेम १७ सेंटिमीटर लांबीचा असतो. अंग हिरवे, कपाळ तांबडे व गळा पिवळा. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतील, प्रचंड चोचीचा टूकन हा त्याचा दूरचा आप्त होय.

वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे तांबटाचे मुख्य अन्न. त्यांतील बिया त्याच्या विष्ठेवाटे दूरवर पडतात व नवी झाडे रुजतात. घरट्यासाठी मात्र त्याला वाळलेली फांदी लागते. नर व मादी मिळून चोचीने तीत ढोली कोरतात.  वस्तीत मात्र अशा वाळलेल्या फांद्या धोक्याच्या म्हणून तोडल्या जातात. रस्त्यावरील माणसांच्या जिवासाठी ते आवश्यकही असते. परंतु जी फांदी कोणाच्या माथ्यावर नाही, ती राखण्यास काय हरकत आहे? आपल्याला जे नुसते सरपण दिसते, तेच या इवल्या कारागिराचे घर असते.